बोलकी पट्टी

काकूंच्या दुकानात कपडे धुणारी तीन मशीनं होती. त्यांना नुसतं पहिलं, दुसरं, तिसरं म्हणत. कपडे वाळवणाऱ्या दोघींना मात्र नावं होती, थोरली आणि धाकटी. थोरली अंगापिंडाने अशी भरभक्कम, की तिच्या पोटात एका वेळी अठरा चादरी मावायच्या. दोघी पेटल्या की दुकानाची एक भिंत पलीकडून कोमट लागायची. पलीकडे बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. थंडीच्या दिवसांत तो आपलं स्टूल मुद्दाम त्या भिंतीला टेकवून बसायचा आणि वर ऐकवायचा, "काकू, उबेचं भाडं मागू नका बरं का!"

या दोघी आल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या तळघरातून. काकूंचे यजमान तिथे बॉयलर सांभाळायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि पुढे काकूही चारचौघांत मिस्त्रीच म्हणू लागल्या. हॉटेलला कुलूप लागायच्या आठवड्यात ज्याने त्याने जमेल ते उचललं. कोणी आरसे नेले, कोणी खुर्च्या नेल्या, आचाऱ्याने तर दारावरची घंटासुद्धा सोडली नाही. मिस्त्री मालकांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ते दोन ड्रायर द्या." मालकांना वाटलं, धक्क्याने माणूस भ्रमिष्ट झाला. काकूंनाही तेच वाटलं. थोरली दुकानाच्या दारातून आत जाईना, तेव्हा चौकट उखडावी लागली. परत बसवताना ती जराशी तिरकी बसली ती कायमची. पुढे एकतीस वर्षं ते दार शेवटच्या वीतभर अंतरासाठी ढकलावं लागलं, आणि दर वेळी काकू म्हणायच्या, "थोरलीची कृपा."

थोरलीला अक्कल अशी काही नव्हती. एक गोल खुंटी होती, साठ मिनिटांपर्यंत फिरवायची, की ती आपली फिरत राहणार. कपडा वाळला की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. सुरुवातीला काकू दर पाच मिनिटांनी दार उघडून हात घालून बघायच्या. दार उघडलं की ऊब बाहेर. एकदा पंधरा टॉवेलांना दीड तास लागला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अगं, हात कशाला घालतेस? कान दे."

"कान देऊन काय कळणार?"

"शर्टाला बटणं असतात ना? कपडा ओला असला की बटणांना गुंडाळून बसतो, ती गप्प असतात. कपडा सुटा झाला की बटणं ड्रमवर आपटायला लागतात. टिक् टिक् टिक्. कपडे बोलले की काढायचे."

काकूंनी कान दिला. आधी नुसतं धप्प धप्प. मग धप्पमधलं वजन कमी होत गेलं. मग कुठेतरी एकच टिक्, आणि मग सगळी बटणं एकदम बोलायला लागली. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण नवरा आपल्याला आवडतो हे त्यांना त्या दिवशी नव्याने समजलं.

आता शर्ट बोलके, पण चादरी आणि टॉवेल मुके, त्यांचं काय करायचं? मिस्त्रींनी हॉटेलच्या गणवेशाचा आपला निळा शर्ट काढला. त्याचा आता उपयोग नव्हता. त्याची बटणपट्टी त्यांनी पितळी बटणांसकट उभी कापली आणि काकूंकडून चार घड्या घालून शिवून घेतली. चार घड्या का, तर ती चादरीच्या बरोबरीने वाळावी म्हणून. एकेरी असती तर चादरीआधी वाळून उगीच बडबडत सुटली असती. सहा बटणांची ती पट्टी प्रत्येक मुक्या धुण्याबरोबर पाण्यातही जायची आणि ड्रममध्येही. तिचं नाव पडलं बोलकी पट्टी.

तेव्हापासून त्या दुकानाची एक भाषाच झाली. मिस्त्री बाहेरून आले की विचारायचे, "बोलले का?" काकू म्हणायच्या, "कुजबुजतायत." किंवा, "अजून गप्प आहेत." काकू कधी रागावून अबोला धरायच्या, तेव्हा मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे, "आज आमच्या घरचं धुणं ओलं आहे. बोलायला लागलं की कळवतो." मग काकूंना हसू फुटायचं आणि अबोला तिथेच संपायचा. काकूंचा कान पुढे पुढे असा तयार झाला की रस्त्यावर भाजी घेताना त्या मध्येच थांबायच्या आणि भाजीवालीला म्हणायच्या, "थांब हं, थोरली बोलली."

मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली होती. छातीत दुखतंय म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत गेलेसुद्धा. मुलगा गाडीतून कपडे आणायचं-पोचवायचं काम बघायचा, तो दिवसभर रस्त्यावर. दुकानात काकू आणि सून. सून कामाला वाघ होती. घड्या घालायची, उसवलेलं शिवायची, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री सतत लोंबत असायची. तिच्यात खोट काढायला काकूंना फार शोधावं लागायचं, पण सासू म्हटल्यावर शोधणं भाग होतं. हल्ली एक सापडली होती. सून विसराळू झाली होती. काकू पुढच्या टेबलाशी बसलेल्या असायच्या आणि ही आतून येऊन थेट त्यांच्या तोंडासमोर वाकून विचारायची, "आई, कात्री कुठे आहे?"

"अगं, गळ्यात काय आहे?"

"अरेच्चा, खरंच की!" आणि हसून आत.

दिवसातून पाच-सहा वेळा हे चालायचं. कधी कात्री, कधी सुई, कधी मागच्या दाराची किल्ली. एकदा उठवलंच आहे तर थोरलीकडे चक्कर टाकू, म्हणून काकू उठायच्या, दार उघडायच्या, तर कपडे अगदी नेमके झालेले. मग त्या अभिमानाने म्हणायच्या, "बघ, बोलायच्या आधीच माझा हात पोचला." सून म्हणायची, "हो ना, आई."

काकूंची दुसरी तक्रार जगाबद्दल होती. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. गिऱ्हाइकं पुटपुटतात, नातवंडं पुटपुटतात, रेडिओवरचा माणूससुद्धा पगार घेऊन पुटपुटतो. पूर्वीची माणसं कशी खणखणीत बोलायची! याचा दुसरा काही अर्थ असेल, हे त्यांच्या मनात येत नव्हतं असं नाही. आलं की त्या उठून चादरी झटकायच्या, आणि ते जायचं.

अशात एक दिवस ड्रायर विकणारे साहेब आले. सुनेनेच बोलावलं होतं. थोरलीचा गॅस हल्ली एकदम भडकायचा, उष्णता हवी तिथे थांबायची नाही, आणि तिचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. सुनेचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच काकूंना ते झोंबलं. कानामागून आली नि तिखट झाली, असं त्या मनात म्हणाल्या. साहेबांनी गुळगुळीत कागदाचं पत्रक टेबलावर पसरलं. काकूंनी चष्मा लावला आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागल्या.

"काकू, पहिली गोष्ट, याचा ड्रम दोन्ही बाजूंनी फिरतो. थोडा वेळ असा, थोडा वेळ तसा. चादरींचा पीळ पडत नाही."

काकूंना मिस्त्रींचा उजवा कोपर आठवला. थोरली एकाच बाजूने फिरायची आणि चादरींची जाडजूड दोरी वळून ठेवायची, वरून वाळलेली आणि पोटात ओली. पंधरा मिनिटं झाली की मिस्त्री ती थांबवायचे, खांद्यापर्यंत हात आत घालून पीळ सोडवायचे आणि पुन्हा चालू करायचे. दाराच्या गरम कडेचा चट्टा त्यांच्या कोपरावर शेवटपर्यंत होता.

"दुसरी गोष्ट, शेवटची पाच मिनिटं गार हवा. म्हणजे चुण्या पडत नाहीत."

मिस्त्री पाच मिनिटं आधी गॅसची चावी बंद करायचे आणि थोरलीला नुसतीच फिरू द्यायचे. म्हणायचे, "गरम कपडा टोपलीत पडला की अशी चुणी पडते, ती इस्त्रीच्या बापाला हटत नाही."

"तिसरं, कपड्यांची जी लव साठते ना, तिची जाळी समोरून निघते. मशीनमागे जायला नको."

मिस्त्री रोज दुकान उघडायच्या आधी थोरलीमागे पालथे पडून, तारेला बांधलेल्या ब्रशने लव काढायचे. ही लव पेट घेते, तिथे आळस नको, हा त्यांचा नियम होता. एकदा ती मऊ लव वाया जाते म्हणून त्यांनी उशीच्या अभ्र्यात भरून ठेवली आणि काकूंना उशी भेट दिली. त्या उशीवर डोकं ठेवून काकूंना लागोपाठ अकरा शिंका आल्या होत्या.

काकूंनी चष्मा काढून पुसला. "साहेब, खरं सांगा. तुम्ही माझ्या नवऱ्यालाच घडी घालून या डब्यात बसवलंय की काय?"

साहेब हसले, सून हसली. काकूही हसल्या, पण त्यांना आतून भरून आलं होतं. तो माणूस त्यांना या वेळी समोरच्या खुर्चीवर हवा होता.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," साहेब पुढे सरकले, "हे मशीन स्वतः ओळखतं. ड्रमच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना घासला की मशीनला कळतं. ओल संपली की आपोआप थांबतं."

"काय असतात म्हणालात?"

"पट्ट्या, काकू. दोन पट्ट्या!"

काकू एकदम ताठ झाल्या. "पट्टी आमच्याकडे पण आहे. आणि ती बोलते."

"मग आमचंही बोलतं की! काम संपलं की गाणं वाजतं. ऐकवतो." साहेबांनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि बोटाने ताल धरला. काकूंनी त्यांच्या बोटाकडे बघून मान डोलावली. बोट थांबलं तशा म्हणाल्या, "गोड आहे. छान आहे." सुनेने त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"पण मला नको," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी कानाने कपडे काढतेय. एक कपडा बिघडलेला दाखवा. ज्या दिवशी माझ्या हातून कपडा बिघडेल, त्या दिवशी थोरलीची जागा रिकामी करीन आणि माझीपण. ही किल्ली सुनेच्या हातात ठेवीन आणि घरी जाऊन बसेन. झालं?"

बोलून तर गेल्या. घरी बसून काय करायचं? घरात मिस्त्रींचा फोटो होता. मिस्त्री स्वतः, काकूंना विचाराल तर, दुकानात होते, गॅसच्या चावीपाशी आणि थोरलीच्या मागे. दुकान सुटलं तर ते दुसऱ्यांदा जाणार होते.

पुढच्याच आठवड्यात सुनेच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सून तीन दिवसांसाठी माहेरी निघाली. जाताना तिने कात्री गळ्यातून काढून खिळ्याला अडकवली आणि काकूंच्या समोर येऊन सावकाश म्हणाली, "आई, एक ऐकाल? मी नाही तोवर खुंटी पस्तीसवर लावा. साठवर नको."

"आता तू मला थोरली शिकव."

"तसं नाही, आई..."

"जा, गाडी चुकेल तुझी."

सून दारात घुटमळली, काहीतरी बोलावं की नाही अशी. मग तिने ते तिरकं दार ढकललं आणि गेली.

पहिला दिवस बरा गेला, कारण बूटवाला दोनदा आणि मुलगा तीनदा येऊन गेला आणि काकू सारख्या उठत होत्या. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचे कोट आले. सहा पांढरे कोट, एकेकाला आठ बटणं. दुकानातलं सगळ्यात वाचाळ धुणं. मिस्त्री म्हणायचे, या कोटांना पट्टी घालणं म्हणजे भांडकुदळ माणसाला घंटा देणं. तरी काकूंनी सवयीने पट्टी टाकली, खुंटी साठवर फिरवली, आणि पुढच्या टेबलाशी एक उसवलेला अभ्रा घेऊन बसल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं. अभ्रा शिवून झाला, दुसरा घेतला. थोरली अजून गप्प होती. कोट जाड कापडाचे, वेळ लागणारच.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि बूटवाला हातात हातोडी घेऊन आत आला. त्याचं तोंड एवढं मोठं उघडलं होतं की काकूंना प्रत्येक शब्द दिसला.

"काकू! आत खडी दळताय काय? अर्धा तास झाला! माझे खिळे नाचतायत स्टुलावर!"

काकूंनी घड्याळाकडे बघितलं. बावन्न मिनिटं झाली होती. त्यांनी थोरलीचं दार उघडलं, तसा करपलेला वास अंगावर आला. कोटांच्या कॉलरी पिवळ्या पडल्या होत्या. बटणं मऊ होऊन वाकडीतिकडी झाली होती, काही एकमेकांना चिकटली होती.

काकूंना आधी पट्टीचाच राग आला. मेली बोलली कशी नाही? त्यांनी ती शोधून बाहेर काढली. बटणं मोजली. सहाच्या सहा होती, घट्ट. गार होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग पट्टीचं एक टोक धरून ती त्यांनी थोरलीच्या पोलादी कडेवर आपटली. पितळ पोलादावर आदळलेलं त्यांना दिसलं, मनगटाला हादरा बसला. कानात काही आलं नाही. त्यांनी पुन्हा आपटली, सगळ्या जोराने.

"वाजतंय का रे?" त्यांनी विचारलं.

"वाजतंय का काय विचारता? कान किटले माझे!" आणि मग बूटवाल्याच्या लक्षात आलं. त्याने हातोडी खाली केली. "काकू..."

"या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस," काकू म्हणाल्या, आणि आपण कोणता शब्द वापरला हे कळून त्यांचा चेहराच पडला. बूटवाल्याने मान हलवली. त्याने स्वतःच जाऊन गॅसची चावी बंद केली.

रडायला वेळ नव्हता. काकूंनी कॉलरी साबण लावून हाताने घासल्या, दोनदा, तीनदा, तेव्हा पिवळेपणा बराचसा गेला. मग बाजारातून पांढरी बटणं आणली आणि अठ्ठेचाळीस बटणं टाकायला बसल्या. दोरा तोडायला सुनेची कात्री खिळ्यावरून काढून गळ्यात अडकवली. पहिलं बटण टाकलं, हात आपसूक गळ्याशी गेला, दोरा तोडला. दुसरं टाकलं, तोडला. तिसऱ्याला त्यांचा हात कात्रीवरच थांबला.

ही कात्री गळ्यात असली की विसरता येत नाही. वजन लागतं तिचं, दर वाकण्याला ती छातीवर आपटते. मग गळ्यात कात्री असताना ही मुलगी दिवसातून सहा वेळा कात्री मागायला का येत होती? आणि ती मागून गेली की दर वेळी थोरलीतले कपडे नेमके झालेले कसे असायचे?

काकूंनी कोट बाजूला ठेवला. वर्षभर ज्याला त्या स्वतःचा कान समजत होत्या, तो सुनेचा होता. तेव्हा मात्र त्या रडल्या. दार आतून लावून, पदर तोंडाशी धरून, चांगल्या पोटभर रडल्या. आपण किती मोठ्याने रडतोय याचा त्यांना अंदाज नव्हता. भिंतीपलीकडे बूटवाल्याने हातोडी थांबवली होती, हे त्यांना नंतर कळलं.

डॉक्टरांनी फार मनावर घेतलं नाही. कॉलर उलटसुलट करून म्हणाले, "चालेल काकू, माझ्या पेशंटांच्या दातांचा हाच रंग असतो." काकूंनी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत काकूंनी दुकानाची किल्ली तिच्यापुढे टेबलावर ठेवली आणि शेजारी ती वितळलेली बटणं एका वाटीत. सुनेने वाटी बघितली, आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"मागच्या उन्हाळ्यापासून." सून समोर बसली, तोंड नीट दिसेल अशी. आता काकूंच्या लक्षात आलं की ती गेलं वर्षभर अशीच बसायची.

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले की, आई. रोज बोलले. कात्री मागत होते ना."

काकूंनी कात्री गळ्यातून काढली आणि सुनेच्या गळ्यात घातली. "तुला ओळखता कधीपासून यायला लागलं? थोरलीचं बोलणं?"

"तुम्ही बोलले म्हणायच्या, मी पण कान द्यायचे. चार वर्षं ऐकतेय."

"मला सांगितलं नाहीस."

"तुमचं होतं ते. मी कशाला मधे येऊ?" सुनेचे डोळे भरले होते. तिने किल्ली काकूंकडे सरकवली. "ही ठेवा तुमच्याकडे. मला घड्या घालायच्यात."

"मी शब्द दिलाय."

"थोरलीची जागा रिकामी करायचा ना? मग करू या. तुमच्या जागेचं मी ऐकलंच नाही. मलाही हल्ली कमी ऐकू येतं."

काकू हसायला लागल्या. खोट काढायला जागा म्हणून ठेवली नव्हती या मुलीने.

साहेब पत्रक घेऊन पुन्हा आले. या वेळी मुलगाही थांबला होता, बूटवालाही काहीतरी निमित्त काढून दारात उभा होता. साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली, ड्रम दोन्हीकडे फिरतो, जाळी समोरून निघते. काकूंनी हात वर केला.

"साहेब, ते सगळं मला पाठ आहे. एकच सांगा. काम संपलं की गाणं वाजतं म्हणालात. दिवा लागतो का?"

"दिवा? कशाला, काकू? गाण्याचा आवाज अगदी..."

"तुमचं गाणं मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. मी तुमच्या बोटाकडे बघून मान डोलावली." काकूंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मुलाचा चेहरा उतरला होता. "मला ऐकू येत नाही आता. तर दिवा लागणारं असेल तर सांगा, नसेल तर दुसरं दाखवा."

साहेबांनी भराभर पत्रक उलटलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. दारावर गोल दिवा होता, चालू असताना निळा, झालं की हिरवा, दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसणारा. "हे घ्या," काकू म्हणाल्या. आणि मुलाला म्हणाल्या, "असं तोंड करू नकोस. जाऊ या कानाच्या डॉक्टरकडे, कधी जायचं ते तू ठरव." इतकं सोपं होतं, तर वर्षभर आपण कशाला धापा टाकत होतो, असं त्यांना वाटलं.

नवं मशीन यायच्या दिवशी सकाळी चौकट उखडायला सुतार आला. थोरली ज्या वाटेने आली होती, त्याच वाटेने जाणार होती. सुताराने हत्यारं मांडली, तशा काकू म्हणाल्या, "तासभर थांब. शेवटचं एक धुणं लावते."

त्यांनी घरच्याच चादरी पट्टीसकट धुऊन ठेवल्या होत्या. सून मध्ये पडली नाही. काकूंनी चादरी एकेक करून आत सोडल्या आणि सगळ्यात वर बोलकी पट्टी ठेवली. निळा रंग केव्हाच उडून गेला होता, बटणं घासून गुळगुळीत झाली होती. खुंटी साठवर फिरवली. पंधरा मिनिटांनी थोरली थांबवून, खांद्यापर्यंत हात घालून, पीळ सोडवला. दाराची कड कोपराला चटकली. त्यांनी हात मागे घेतला नाही.

मग त्यांनी दोन स्टुलं ओढली आणि सुनेला शेजारी बसवून घेतलं. काचेमागे चादरी वर जात होत्या, पडत होत्या. काकूंसाठी ते सगळं आवाज बंद करून ठेवल्यासारखं होतं. त्यांनी डोळे मिटून बघितलं. मिस्त्रींचा आवाज मात्र आठवणीत होता तसाच होता, खणखणीत. चौकट उखडून थोरली आत आली त्या पहिल्या दिवसांत शेजारी असंच स्टूल टाकून ते बसायचे, आणि नवख्या काकू दर घटकेला त्यांनाच विचारायच्या. पुढे कान तयार झाला तसं विचारणं उलटलं. विचारायचे ते, सांगायच्या काकू. गेल्या नऊ वर्षांत हा प्रश्न त्या दुकानात कोणी कोणाला विचारला नव्हता.

काकूंनी डोळे उघडले, सुनेचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बोलले का गं?"

सुनेने काचेकडे कान केला. बराच वेळ ऐकलं. मग काकूंकडे वळली आणि त्यांना ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "अजून गप्प आहेत, आई."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग बसू या."